वेदनेची टक्केवारी

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या शिवारात रोवणी सुरू झाली की मजूर दिवसभर कंबरेत वाकून बांधीच्या पाण्यात उभे राहतात. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्यासाठी ही बांधी म्हणजे संकटच होय. भिजणे, गारठा, अतिश्रम यांनी तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य कळा उठतात. काही दिवसांनी तोच मजूर पुन्हा चालूफिरू लागतो. त्याला अपंग का म्हणावे, हा शासनाचा सोयीचा प्रश्न नेमका येथे उपस्थित होतो.

मध्य भारतातील या आजाराची नोंद नागपूरच्या संशोधकांनी 1958 साली केली होती. कायद्याने तो मान्य करण्यास 2016 साल उजाडावे लागले. 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांचे एकवीस झाले आणि सिकलसेलचे नाव यादीत आले. परंतु त्याच कायद्याच्या 34 व्या कलमाने शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणातून रक्तविकारांना वगळले! राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेचे दार 40 टक्क्यांवर उघडते; केंद्राच्या निवृत्तिवेतनासाठी मात्र दारिद्र्यरेषेखाली असूनही 80 टक्के अपंगत्व लागते. आणि एवढे सोसणाऱ्या, ऐंशी वर्षांच्या आतील माणसाला केंद्र देते काय? महिना 300 रुपये!

गमावलेला पाय कोणत्याही दिवशी मोजता येतो. वेदना तपासणीची तारीख पाहून येत नाही. मग पुरावा उरतो तो रुग्णालयातील भरतीच्या आणि रक्त चढवल्याच्या कागदांचा. मजुरी बुडेल म्हणून घरीच कळा सोसणाऱ्याजवळ हे कागद कोठून येणार? ज्याला उपचार मिळाले नाहीत, त्याचा आजारही कमी ठरावा, हा कोणता न्याय?

बनावट प्रमाणपत्रांचा धाक येथे पुढे केला जातो. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून महाराष्ट्रात गदारोळ झाला, हे खरे. पण त्याच वर्षी केंद्राने नियम बदलून प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली आणि दोन वर्षांत निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय ठरवून अर्जदारालाच पुन्हा अर्ज करण्यास भाग पाडले. लबाडी वरच्या वर्गाने करावी आणि तिचा दंड बांधीतल्या मजुराने भरावा, असा हा कारभार आहे.

2023 साली शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. उद्दिष्ट 2047 चे आहे. तोवर जे जिवंत आहेत त्यांचे काय? तपासणी पथक तालुक्याच्या ठिकाणी ठरल्या दिवशी आले पाहिजे. आजार जन्मभराचा असेल तर प्रमाणपत्रही जन्मभराचे हवे. निवृत्तिवेतनाची 80 टक्क्यांची अट रद्द झाली पाहिजे आणि नोकरीतील आरक्षणाचे दार रक्तविकारांसाठी उघडले पाहिजे. या मागण्या दयेच्या नाहीत. ज्यांनी देशाला धान पुरवले, त्यांच्या हक्काच्या आहेत.