उदगीरचा किल्ला कोणाचा?

आमच्या सुशिक्षित वर्गास प्रवासाची हौस आहे, ही चांगलीच गोष्ट होय. आग्र्याचा किल्ला पाहून आलेले गृहस्थ तेथील जाळीकामाचें वर्णन करितांना थकत नाहींत. मात्र हेच गृहस्थ लग्नकार्यासाठीं लातूर जिल्ह्यांतील उदगिरास जातात आणि तेथील किल्ल्यांत पाऊल न ठेवतां परततात. कारण विचारल्यास उत्तर तयार असतें : "तो मुसलमानी किल्ला, त्यांत आपलें काय आहे?" आग्र्यास जो विचार आडवा येत नाहीं, तो उदगिरासच कां यावा?

आपलें काय आहे, तें सांगतों. ज्या उदागीरबाबांवरून गांवास नांव पडलें अशी परंपरा आहे, त्यांची समाधि याच किल्ल्यांत आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील कंधार हें राष्ट्रकूटांचें नांवाजलेलें नगर. त्याच भूमीवर पुढें सुलतानी तट आणि महाल उभे राहिले. उदगिरानें बहामनी पाहिले, बरीदशाही पाहिली, 1636 मध्यें मोगल आणि पुढें आसफजाही पाहिली. धनी बदलले; रयत येथलीच राहिली. किल्ला, बुरूज, खंदक, दरवाजा, महाल हे अरबी-फारशी शब्द वगळून आमच्या टीकाकारांनीं एखाद्या गडाचें वर्णन करून दाखवावें!

जे थोडे लोक तेथें जातात, ते 1760 च्या विजयाची भूमि पाहण्यास जातात. त्या विजयाचा अभिमान आम्हांसहि आहे. सदाशिवरावभाऊंनीं निजामास जेरीस आणून सुमारें 60 लक्षांचा मुलूख मिळविला. परंतु त्या मोहिमेंत मराठ्यांच्या तोफा कोणाच्या हुकुमानें चालल्या? इब्राहिमखान गारद्याच्या. पुढल्याच वर्षीं तो पानिपतावर आमच्या बाजूनें लढला आणि त्यापायीं प्राणांस मुकला. विजय तेवढा आपला आणि गारदी परका, हा कोणता हिशेब?

यावर रझाकारांच्या अत्याचारांचें स्मरण करून दिलें जातें. 1948 च्या त्या दिवसांत ज्या घरांनीं माणसें गमावलीं, त्यांचें दुःख खरें आहे. त्याविषयीं वाद नाहीं. पण कासीम रझवीच्या अपराधाचा जाब बहामनी काळच्या गवंड्यास विचारणें हा न्याय नव्हे.

या उदासीनतेचें फळ मात्र आम्हीच भोगीत आहों. किल्ल्यांत फारशी शिलालेख आहेत, पण ते वाचणारा सहसा मिळत नाहीं. 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूंत चाले. ज्यांचे आजे त्या लिपींत सराईतपणें अर्ज लिहीत, ते नातू आज त्या अक्षरांपुढें निरक्षर होऊन उभे राहतात आणि कोळशानें आपलीं नांवें लिहून परततात. इतिहासाचा अभिमान मिरविणाऱ्यांस हें शोभत नाहीं. मुलांस घेऊन उदगिरास जावें, कंधारास जावें. आणि मराठवाड्यांतील महाविद्यालयांनीं मोडीबरोबर फारशीहि शिकवावी, असा आग्रह पालकांनींच धरावा.