कमावलेला रंग

वहाणांच्या दुकानात आपण शिरतो ते डोळे रंगावर ठेवून. दोन्ही पायांचा रंग तंतोतंत एक हवा, कुठे डाग नको, आणि आरशासारखी चकाकी असली तर दुधात साखर! दिवाळीच्या खरेदीत या हट्टापायी एक चांगली वस्तू आपण नाकारून येतो, म्हणून हा प्रपंच.

आपल्या भाषेत कातडे 'कमावतात'. पैसा कमवावा, शरीर कमवावे, गवयाने आवाज कमवावा, तसेच हे. शब्द मला फार आवडतो, कारण तिन्हींत घाई चालत नाही. चुन्याच्या पाण्यात ठेवून कातड्याचे केस काढायचे आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात ते मुरवायचे. कोल्हापूरकडच्या जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तीत साल आणि काढा भरून ती टांगून ठेवीत. काढा हळूहळू झिरपत आरपार जाई. काम आठवड्यांचे. बाभळीने तांबूस छटा येते, हिरड्याने पिवळसर. म्हणजे रंगाचा बोळा लागण्याआधीच कातडे रंगलेले असते! पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने ते कमावले, चर्मकारांनी वहाणा शिवल्या. आपण त्या वासापासून चार हात दूर राहिलो आणि वहाण मात्र ऐटीत मिरवली.

वरून रंग द्यायचा तोही कातड्याच्या कलाने. ते आधी किंचित ओलसर करायचे, म्हणजे रंग एकाच जागी शोषला जात नाही. लोकरीच्या चिंधीचा बोळा घ्यायचा, रंग पातळ ठेवायचा आणि हात गोल गोल फिरवायचा. एक थर वाळला की दुसरा. एकदम दाट रंग थापला तर तो वरच बसतो आणि पहिल्याच पावसात मोज्यांना लागतो. शेवटी कोरड्या फडक्याने पुसत राहायचे, फडके स्वच्छ निघेपर्यंत. मग तेलाचा हात आणि मेण. तेलाने रंग गडद होतो, तेव्हा छटेची पारख त्यानंतर करावी. रंग आधी कातरणीवर लावून पाहावा, हे ओघानेच आले.

काळ्या रंगाची तर गंमतच आहे. हिरड्या-बाभळीत कमावलेल्या कातड्यावर हिराकशीचे पातळ पाणी फिरवले, की ते डोळ्यांदेखत काळवंडते. हिराकशीतले लोह आणि सालीतला तुरट अंश यांच्या संयोगाचा हा काळा रंग. हिरडा-हिराकशीच्या शाईतही हेच घडते. आम्हा मास्तर मंडळींची शाई आणि वहाणेचा काळा रंग एकाच कुळातले निघाले! मात्र हिराकस जास्त झाली तर कातडे ठिसूळ होते.

आता तो 'तंतोतंत एक' रंग. जनावराच्या पाठीकडचे कातडे घट्ट असते, पोटाकडचे सैल. सैल कातडे रंग जास्त पिते. एकाच कातड्याचे दोन पट्टे त्यामुळे जुळे भाऊ होत नाहीत, नुसते भाऊ होतात. गिऱ्हाईक एकसारखेपणा मागते, म्हणून मग वरून जाड लेप चढतो. लेपाखाली कसलेही कातडे लपते. क्रोमच्या क्षारांनी कातडे एखाद्या दिवसात तयार होते, स्वस्त पडते. मग आठवडे खर्चून बाभळीचा काढा कोण ढवळीत बसेल?

कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानला तशाच वहाणा मिरवल्या, मूळ गावाचे नाव न घेता. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. आपण त्यांच्यावर संतापलो, ठीकच. पण चारशे रुपये जास्त सांगितले की 'अहो, डाग आहे यावर' म्हणणारे आपणच!

तेव्हा दुकानात वहाण उलटी करा आणि कापलेली कड पाहा. आतपर्यंत तपकिरी असेल तर बहुधा सालीत कमावलेली. आत निळसर-करडी दिसली तर क्रोमची. घरी आणल्यावर तेलाचे बोट फिरवावे. भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात किंवा शेगडीजवळ नव्हे. चार-सहा महिन्यांत ती आपसूक गडद होईल, आणि डावी-उजवी तेव्हाही थोडी वेगळीच दिसेल.