कुत्र्याचं औषध मांजराला नको

पावसाळा लागला की वस्तीत पिसवा आणि गोचिडांचा त्रास वाढतो. कुत्रं अंग खाजवत बसतं, लेकरांच्या पायांवर लाल चट्टे उठतात. मग कुणीतरी मानेवर टाकायच्या औषधाची एक मोठी नळी आणतं आणि तीच दोन कुत्री नि एका मांजरात वाटून टाकतं. पैसे वाचवण्याचा हेतू आम्हाला समजतो. पण ही बचत मांजराच्या जिवावर बेतते.

कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते निकामी करून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. मांजर लाळ गाळतं, थरथरतं, झटके येऊन दगावतं. आपल्या खरजेच्या मलमात परमेथ्रिन ५ टक्के असतं, कुत्र्याच्या काही नळ्यांत ४५ टक्के. म्हणून कुत्र्याची नळी नको, उरलेलं खरजेचं मलम नको आणि उवांचं औषधही मांजराला नको. गोचिडांसाठीचं अमित्राझही मांजराला घातक. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या तर कुणालाच लावू नयेत.

कुत्र्याला परमेथ्रिन लावलं तर मांजर दूर ठेवा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. दहा बाय दहाच्या खोलीत दूर म्हणजे कुठे? आमचं म्हणणं सरळ आहे : घरात मांजर असेल तर ते औषध घरात आणूच नका.

फिप्रोनिलच्या नळ्या मांजरासाठी वेगळ्या मिळतात. मांजराला ०.५ मिलि, १० किलोपर्यंतच्या कुत्र्याला ०.६७ मिलि, २० ते ४० किलोच्या कुत्र्याला २.६८ मिलि. जनावराला घेऊन काट्यावर उभं राहा, त्यातून आपलं वजन वजा करा. मानेच्या मागे, चाटता येणार नाही अशा जागी, केस बाजूला सारून कातडीवर औषध टाका. दोन दिवस आधी आणि नंतर आंघोळ घालू नका. त्या रात्री लेकरांना जनावराजवळ झोपवू नका, स्वतःचे हात साबणाने धुवा. आठ आठवड्यांखालचं पिल्लू, गाभण किंवा आजारी जनावर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पिसवांची अंडी अंथरुणात पडतात. गोधड्या गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या नाहीत तर औषध वाया जातं.

चुकून मांजराला लागलंच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, कोरडं करून कापडात गुंडाळा आणि पाकिटासह लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, इतरत्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत.

दोष फक्त घरच्यांचा नाही. पाकिटावरची सूचना बारीक इंग्रजीत असते, औषध सुटंही विकलं जातं. “घरात मांजर आहे का?” एवढा एक प्रश्न दुकानदाराने विचारलाच पाहिजे, आणि सूचना मराठीत मिळाली पाहिजे. तोवर नाव न लिहिलेली बाटली विकत घेऊ नका. दुकानदार सांगत नसेल तर आपण विचारू.