जुना संगणक टाकण्यापूर्वीं दोन शब्द

हल्लीं शाळेंत भेटावयास येणारे पालक पाल्याच्या प्रगतीविषयीं बोलतां बोलतां आणखी एक प्रश्न हमखास काढतात. "घरचा संगणक फार मंद झाला आहे, आतां नवा घ्यावाच लागेल काय?" आम्ही संगणकशास्त्राचे पंडित नव्हों, परंतु शाळेच्या संगणक-वर्गाची देखरेख बरींच वर्षें आमच्याकडे असल्यामुळें थोडाबहुत अनुभव पदरीं पडला आहे. त्याच्या बळावर आमचें मत येथें स्पष्टपणें मांडतों. तें असें कीं, संगणक मंद झाला एवढ्याच कारणावरून तो टाकून देणें हें बहुधा अविचाराचें असतें. मंदपणाचें मूळ कोठें आहे तें आधीं शोधावें, आणि मगच पैसा खर्च करावा.

गेल्या वर्षींची एक हकीकत सांगतों. नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. ते रिक्षा चालवितात. थोरली मुलगी शाळेंत असतांना, २०१४ सालीं, त्यांनीं एक डेस्कटॉप संगणक घेतला होता. तो सुरू होऊन कामास लागावयास चार-साडेचार मिनिटें लागत. दुकानदारानें "हें यंत्र आतां संपलें" असें सांगून मासिक हप्त्यांनीं नवें घेण्याचा सल्ला दिला होता. इकडे मुलीच्या कॉलेजची फी त्याच महिन्यांत भरावयाची होती. मुलाचा अभ्यास राखावा कीं मुलीची फी भरावी, अशा विवंचनेंत ते पडले होते. आम्हीं त्यांस म्हटलें, "हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीं यंत्र एकदां शाळेंत घेऊन या."

आतां मंदपणाचें कारण सांगतों. संगणकांत हिशेब करणारा भाग वेगळा आणि साठवून ठेवणारा भाग वेगळा असतो. प्रोसेसर हा हिशेब करणारा कारकून; रॅम हें त्याच्या पुढ्यांतील टेबल; आणि हार्ड डिस्क हें दप्तराचें कपाट. जुन्या संगणकांत या कपाटाच्या जागीं चुंबकीय लेप दिलेल्या फिरत्या तबकड्या आणि त्यांवरून पुढेंमागें सरकणारी एक भुजा असते. ही युक्ति फार जुनी आहे. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं रॅमॅक या यंत्राबरोबर ती प्रथम बाजारांत आणली. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटास १२०० फेरे घेत, आणि सर्वांत मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. त्या रिक्षावाल्या गृहस्थांच्या संगणकांतील डिस्क ५०० जीबीची होती; म्हणजे साठवण सुमारें एक लाख पटींनीं वाढली. परंतु तिच्या तबकड्या मिनिटास ७२०० फेरे घेत, म्हणजे वेग अवघा सहापट वाढला होता.

विद्यार्थ्यांनीं येथें वही घेऊन हिशेब करावा. मिनिटास ७२०० म्हणजे सेकंदास १२० फेरे. हवी ती माहिती भुजेखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा २४० वा भाग वाट पाहावी लागते. आणि भुजेला योग्य जागीं सरकण्यास त्याहूनहि अधिक वेळ लागतो. दोन्ही मिळून पाहतां, निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेली माहिती अशा डिस्कवरून सेकंदास जेमतेम शंभर वेळां आणतां येते. संगणक सुरू होतांना तर हजारों लहान लहान फाइली हव्या असतात. तोंपर्यंत प्रोसेसर हात बांधून उभा असतो. आळशी असतो तो कपाटाकडे गेलेला शिपाई, आणि बोल लागतो कारकुनाला!

एसएसडी या साधनांत फिरणारी तबकडीहि नाहीं आणि सरकणारी भुजाहि नाहीं. पेन ड्राइव्हमध्यें व मोबाइलमध्यें असतात त्याच जातीच्या चिप त्यांत असतात. जपानांतील तोशिबा कंपनींत काम करणारे फुजिओ मासुओका व त्यांचे सहकारी यांनीं ही नँड फ्लॅश पद्धति १९८७ सालीं जगापुढें ठेवली. तिच्यांतून माहिती मिळण्यास सेकंदाचा सुमारें दहा हजारावा भाग पुरतो. म्हणूनच दहा-बारा वर्षांपूर्वींच्या संगणकांतहि ती बसविल्यास फरक चटकन् जाणवतो.

तें यंत्र शाळेंत आल्यावर आम्हीं प्रथम टास्क मॅनेजर उघडून मुलांस दाखविला. डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा, असें स्पष्ट दिसलें. याउलट प्रोसेसरच शंभर टक्के गुंतलेला दिसता, तर एसएसडी घेऊन कांहीं उपयोग झाला नसता. रॅम चार जीबी होती. तीहि अपुरी म्हणून दुप्पट केली. जुन्या डिस्कवरील फोटो व कागदपत्रें आधीं दुसरीकडे उतरून घेतलीं. नंतर वीज तोडून, अंगांतील स्थिर विद्युत् जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावून, दहावीच्या दोन मुलांनीं अडीच इंची एसएसडी साटा केबलींनीं जोडली. काम अर्ध्या तासाचें होतें.

येथें दुकानदाराची बाजूहि सांगितली पाहिजे. कारण तो सर्वस्वीं चुकीचा नव्हता. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व नव्या पिढीचा प्रोसेसर त्या यंत्रांत नव्हता. नुसता वेग वाढवून ही उणीव भरून निघत नाहीं. आणि सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें धोक्याचें आहे. म्हणून आम्हीं त्यावर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली बसविली. लेखन, वाचन, मराठी टंकलेखन, धड्यांचे व्हिडिओ, एवढ्या कामास ती पुरेशी आहे. ज्यांस केवळ विंडोज ११ वरच चालणारी प्रणाली अभ्यासासाठीं अनिवार्य आहे, किंवा ज्यांच्या यंत्राचा मदरबोर्डच बिघडला आहे, त्यांनीं नवा संगणक घ्यावा. त्यांस आम्ही अडविणार नाहीं.

आणखी एक इशारा. जुनी डिस्क बिघडण्यापूर्वीं पुष्कळदां खडखड करून सूचना देते; एसएसडी मात्र एखाद्या दिवशीं मुकाट्यानें बंद पडते, आणि तींतील माहिती परत मिळविणें फार कठीण जातें. म्हणून महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत नेहमीं वेगळ्या ठिकाणीं ठेवावी.

तो संगणक आतां अर्ध्या मिनिटांत सुरू होतो. एसएसडी आणि रॅम यांस मिळून जो खर्च आला, तो नव्या यंत्राच्या दोन हप्त्यांहूनहि कमी होता. आणि मुलीची फी वेळेवर भरली गेली. आमच्या दृष्टीनें या हकीकतीचें खरें महत्त्व यांत आहे. मध्यम व गरीब कुटुंबांत एका वस्तूवर नाहक गेलेला पैसा दुसऱ्या मुलाच्या शिक्षणांतून वजा होत असतो. शिवाय टाकून दिलेला संगणक कोठें तरी जातोच. त्याच्या मदरबोर्डांतील शिसें व इतर विषारी द्रव्यें अखेर मातींत आणि पाण्यांत उतरतात. जो संगणक खरोखरच टाकावा लागेल, तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा, आणि देण्यापूर्वीं त्यांतील खाजगी माहिती पुसून टाकावी.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांत मागें पडणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षक कधीं कधीं उतावळेपणानें मंदबुद्धि ठरवितों, आणि मागाहून कळतें कीं त्याला फळ्यावरचें दिसतच नव्हतें. चष्मा मिळतांच तो इतरांबरोबर चालूं लागतो. यंत्राच्या बाबतींतहि तोच न्याय लावावा. आधीं तपासा, कारण शोधा, जेवढें बिघडलें तेवढेंच बदला. पालकांसहि आमची विनंती हीच आहे कीं, नव्या संगणकाच्या हप्त्यावर सही करण्यापूर्वीं जुना एकदां उघडून पाहावा.