कथेतले मरण आणि गावातले दुखणे

कर्करोगाने ग्रासलेल्या दोन किशोरवयीन जिवांची प्रेमकथा सांगणारी जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये तिच्यावर आधारित ‘दिल बेचारा’ हा हिंदी चित्रपट थेट घरातल्या पडद्यावर आला. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील मुलांनाही आता अशा कथा अप्राप्य नाहीत. त्यांनी कोवळी मने बिघडतात, ही वडीलधाऱ्यांची तक्रार जुनीच आहे. परंतु सोळाव्या वर्षी प्रेम कळते, तसे मरणही कळते. खरा प्रश्न आहे तो या कथांतून आजाराविषयी मनात काय रुजते, हा.

‘अँखियों के झरोखों से’ या १९७८ सालच्या चित्रपटातील तरुणी रक्ताच्या कर्करोगाने जाते. त्या काळी ते वास्तवाला धरून होते. आज मात्र मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, वेळीच आणि पूर्ण उपचार झाल्यास, बहुतेकांत बरा होऊ शकतो. क्षयाची औषधे तर सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. वैद्यकशास्त्र इतके पुढे गेले, तरी प्रेमकथा अजून मरणशय्येपाशीच घुटमळते आहे.

रोगाचे नाव निघाले की सारे संपले, असे मानणारे घर मुलीचा खोकला लपवते. सोयरीक मोडेल ही धास्ती असतेच. तोरण्याच्या पायथ्याहून स्वारगेटला जाणारी एस.टी., ससूनमधली रांग, बुडालेली मजुरी, वर्गातली रिकामी जागा आणि तिच्याकडे वळणारी कुणा एकाची नजर, एवढी सामग्री मराठी कादंबरीकाराच्या हाताशी आहे. कुमारवयातील प्रेम संयमाने सांगता येते, हे मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने २००४ साली दाखवले. जीव वाचवण्यासाठी दृष्टी गमवावी लागणाऱ्या मुलाची व्यथा त्याच सुमारास ‘श्वास’ या चित्रपटाने मांडली. या दोन वाटा आता एकत्र याव्यात.

प्रत्येक रुग्ण वाचतोच असे नाही आणि खोटा दिलासा देणे हे वाङ्मयाचे काम नव्हे. तथापि मरणारी नायिका वाचकाला रडवून जाते. उपचार पुरे करून पुन्हा बाकावर येऊन बसणारी नायिका एखाद्या मुलीला दवाखान्याची पायरी चढण्याचे बळ देईल. तशी कादंबरी लिहिली जावी आणि ती भोर-वेल्ह्यातील शाळांच्या कुलूपबंद कपाटांत न राहता मुलांच्या हाती पडावी.