लांबचा माणूस बरा

फेब्रुवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात कर्जत-बदलापूरकडून येणाऱ्या आमच्या लेडीज डब्यात एकच विषय होता. आदल्या आठवड्यापर्यंत यूट्यूबर रणवीर अलाहबादिया हे नाव ज्यांच्या कानावरही नव्हतं, त्यांना आता तो काय बोलला हे तोंडपाठ होतं. विठ्ठलवाडीला चढणाऱ्या एक काकू ती क्लिप बाकावरच्या प्रत्येकीला आळीपाळीने दाखवत होत्या आणि दर वेळी संपल्यावर म्हणत होत्या, "ऐकवत नाही गं बाई." ऐकवत नव्हतं तरी कल्याण येईपर्यंत ते चालूच राहिलं.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विनोदवीर समय रैनाच्या 'इंडियाज गॉट लेटेंट' या यूट्यूबवरच्या कार्यक्रमात रणवीरने एका स्पर्धकाला आई-वडिलांच्या शय्येवरून एक प्रश्न विचारला. तो इथे छापण्याजोगा नाही आणि विनोद म्हणूनही भिकार होता. वर तो उसना, एका ऑस्ट्रेलियन कार्यक्रमातून उचललेला. १० फेब्रुवारीला गुवाहाटीत गुन्हा दाखल झाला, पाठोपाठ महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला, राष्ट्रीय महिला आयोगाने बोलावणं धाडलं, विषय संसदेत गेला. रैनाने कार्यक्रमाचे सगळे भाग काढून टाकले. १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने रणवीरला अटकेपासून संरक्षण दिलं, पण त्याआधी त्याची यथेच्छ हजेरी घेतली आणि पासपोर्ट ठाण्यात पोलिसांकडे जमा करायला लावला. ३ मार्चला सभ्यतेच्या अटीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू करायची परवानगी मिळाली. एप्रिलअखेर पासपोर्टही परत मिळाला. जेमतेम वर्षभर आधी, मार्च २०२४मध्ये, याच गृहस्थाला पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे आमच्या डब्यात कुणी काढलं नाही.

वाहिन्यांनी तो प्रश्न 'बीप' लावून दिवसभर वाजवला. बीप अशा बेताने लावलेली, की ज्याला कळलं नव्हतं त्यालाही कळावं. चर्चेला सहा चौकटींत सहा माणसं, सहाही संस्कृतीच्या बाजूने, तरी भांडण. मला त्या माणसाविषयी काडीची सहानुभूती नव्हती, आजही नाही. पण डब्यातला तो आवाज ऐकताना मला राहून राहून दुसरी एक गोष्ट आठवत होती. ती याच रुळांवर, सहाच महिन्यांपूर्वी घडली होती आणि तेव्हा आमचा आवाज असा चढला नव्हता.

२० ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं होतं. पालक तक्रार घेऊन गेले तेव्हा पोलीस ठाण्यात त्यांना तासन् तास ताटकळत ठेवलं गेलं. आधी शाळेसमोर जमलेले लोक दहाच्या सुमारास स्टेशनात आले आणि रुळांवर उतरले ते संध्याकाळी लाठीमार होईपर्यंत हटले नाहीत. अंबरनाथच्या पुढे गाड्याच नव्हत्या. मंत्री गिरीश महाजन समजूत घालायला आले, पण कुणी ऐकलं नाही. 'फाशी, आत्ता, इथेच' एवढीच मागणी. ती मागणी मला तेव्हाही भीतीदायक वाटली. पण तो राग कॅमेऱ्यासाठी नव्हता. कॅमेरे नंतर आले.

आले ते मात्र झुंडीने. मुंबईच्या ओबी व्हॅन स्टेशनाबाहेर लागल्या, इस्त्रीचे शर्ट घातलेले अँकर रुळांच्या खडीवर तोल सावरत उभे राहिले. त्यांच्याही आधीपासून तिथे होते ते आमच्याकडचे वार्ताहर. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातला वार्ताहर ही वेगळीच जमात आहे. त्यातल्या पुष्कळांना पगार नसतो, बातमीमागे पैसे मिळतात. हातात एक मोबाइल, सॅकमध्ये दोन-तीन वाहिन्यांचे बूम. ज्या वाहिनीला बाईट हवा तिचा बूम बाहेर काढायचा. नगरपालिकेची सभा, पाण्याचा मोर्चा, मलंगगडाची यात्रा, कंपनीतला स्फोट, सगळीकडे हाच माणूस. किंवा हीच बाई.

अशीच एक वार्ताहर, एका मोठ्या मराठी दैनिकाची, त्या दिवशी वार्तांकन करत होती. अत्याचाराच्या प्रकरणाच्या बातम्या ती आधीपासून देत होती. तिथे शिवसेनेचे (शिंदे) शहरप्रमुख आणि माजी नगराध्यक्ष वामन म्हात्रे यांनी, जणू तुझ्यावरच अत्याचार झाल्यासारख्या बातम्या काय देतेस, अशा अर्थाचं वाक्य तिला ऐकवलं, अशी तिची तक्रार होती. म्हात्रे यांनी आरोप फेटाळला. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तिला पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागले. पत्रकार आणि विरोधी पक्षाचे लोक मागे लागल्यावर तो नोंदला गेला, विनयभंगाच्या आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या कलमांखाली. खरं-खोटं ठरवणं कोर्टाचं काम, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते आमच्याबद्दल.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघा. रणवीरच्या बोलण्याने नक्की कुणाचा अपमान झाला? संस्कृतीचा, कुटुंबसंस्थेचा, आई-बाप या कल्पनेचा. म्हणजे सगळ्यांचा, आणि तरीही बोट दाखवावं असा एकही माणूस नाही. बदलापुरात बोट दाखवायला एक बाई होती. ती समोर उभी होती, तिला नाव होतं, गाव होतं, दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून पुन्हा बातमीला जायचं होतं. पहिल्या प्रकरणात आम्ही सगळ्या पेटून उठलो. दुसऱ्यात डब्यातले प्रश्न असे होते: ती कुठल्या पेपरची? तो पेपर कुणाचा? निवडणुका कधी आहेत? एकजण म्हणाली, बायकांनी या फिल्डमध्ये यायचंच कशाला. दुसरी म्हणाली, तिनेही काहीतरी बोललं असेलच की. हे सगळं हळू आवाजात, दाराशी कोण उभं आहे ते बघून.

बदलापूरची माझी एक मैत्रीण, शाळेत क्लार्क आहे, तिला मी त्या दिवसांत विचारलं की तुम्ही बायका निषेधाचं साधं पत्र तरी का नाही दिलंत. तिने आढेवेढे न घेता सांगितलं, "आपल्याला इथंच राहायचंय गं."

या चार शब्दांवर रागावता येत नाही. आमच्या तिन्ही शहरांत नगरसेवक, शाखाप्रमुख, माजी अमुक, भावी तमुक ही माणसं टीव्हीतली नसतात. दाखल्यावर सही त्यांची लागते. नळाला पाणी आलं नाही तर टँकर त्यांच्या फोनवर येतो. सोसायटीच्या गणपतीला पावती त्यांच्या नावची असते, मयत झाली तर स्वर्गरथ त्यांच्या प्रतिष्ठानचा. स्टेशनातून बाहेर पडलं की वाढदिवसाच्या फलकावर त्यांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली शुभेच्छुकांत आपल्याच बिल्डिंगमधला कुणीतरी. अशा माणसाच्या तोंडून काही वावगं गेलं तर राग येत नाही असं नाही. तो गिळला जातो. मग कुठेतरी अंधेरी-खारकडचा, इंग्रजी-हिंदी बोलणारा, ज्याच्याकडून आपल्याला ना दाखला हवा ना टँकर, असा कुणीतरी काहीतरी बरळतो आणि सहा महिन्यांचं गिळलेलं सगळं त्याच्या अंगावर पडतं. त्याला शिव्या घालायला काही लागत नाही. आपलं नुकसान शून्य.

वाहिन्यांचं गणित वेगळं, उत्तर मात्र तेच येतं. त्या वार्ताहराची बातमी दोन-तीन दिवस होती. मग ती ठाकरेंची सेना विरुद्ध शिंदेंची सेना झाली आणि बाई त्यातून बाहेर पडली. विरोधकांनी २४ ऑगस्टचा महाराष्ट्र बंद पुकारला, उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी तो अडवला, चर्चा बंदच्या वैधतेवर गेली. २६ तारखेला मालवणात राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला आणि ओबी व्हॅन तिकडे वळल्या. कुणी दुष्टपणा केला असं नाही, व्हॅनला चाकं असतात.

आमच्याकडे या व्हॅन येतात तरी कधी? त्याच वर्षी २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या खोलीत, भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे सेनेच्या महेश गायकवाडांवर गोळ्या झाडल्या आणि लगेच एका मराठी वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलंही, हो, मीच झाडल्या. सीसीटीव्हीचं ते चित्र देशभर फिरलं. तेव्हा पोलीस ठाण्यात गोळी चालावी लागते, नाहीतर रुळांवर माणसं उतरावी लागतात. एका बाईला काय ऐकावं लागलं, एवढ्यावर कल्याणच्या पुढे गाडी येत नाही.

लांबच्या बोलणाऱ्यावर राग काढणं सोपं, हे सत्तेलाही चांगलं कळतं. २०१७च्या पावसाळ्यात रेडिओवरच्या मलिष्काने त्या वेळी गाजत असलेल्या सोनूच्या गाण्याच्या चालीवर मुंबईच्या खड्ड्यांबद्दल महापालिकेची फिरकी घेतली. शिव्या नाहीत, अश्लील काही नाही. तरी सेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीची भाषा केली आणि पालिकेच्या पथकाला नेमक्या तिच्याच घरी डेंग्यूच्या अळ्या सापडल्या. मार्च २०२५मध्ये विनोदवीर कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर, नाव न घेता, केलेलं विडंबन यूट्यूबवर आलं. त्या रात्री खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला गेला आणि दुसऱ्या दिवशी पालिकेचे लोक हातोडे घेऊन तिथे पोचले. रैनाचा तो कार्यक्रम जिथे झाला तीच ही जागा. फेब्रुवारीत तिथे संस्कृती धोक्यात आली होती, मार्चमध्ये नेता. मला यात गंमत वाटते ती तत्परतेची. खड्डा बुजायला जो वेळ लागतो तो अळ्या शोधायला लागत नाही.

आणि माफी. रणवीरने मागितली, दोन दिवसांत, कॅमेऱ्यात बघून. कुणाची? सगळ्यांची. अमेरिकेत २००७ साली डॉन आयमस नावाच्या मुरलेल्या रेडिओवाल्याने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाबद्दल, ज्यात बहुतेक मुली कृष्णवर्णीय होत्या, वंशद्वेषी आणि घाणेरडे शब्द वापरले. तिथेही असाच धुरळा उडाला. ४ एप्रिलला तो बोलला, १२ एप्रिलला सीबीएसने त्याला काढलं. नीतीपेक्षा जाहिरातदार निघून गेल्याचा त्यात मोठा वाटा होता, आणि वर्ष संपायच्या आत तो दुसऱ्या केंद्रावरून बोलायलाही लागला. म्हणजे आदर्श वगैरे काही नाही. पण मधे एक गोष्ट घडली. त्या मुलींनी पत्रकार परिषद घेऊन आपण कोण, काय शिकतो, आपल्याला काय वाटलं ते स्वतः सांगितलं. मग तो त्यांना समोरासमोर भेटला, त्यांनी त्याला सुनावलं आणि माफी स्वीकारायची की नाही हे त्यांनीच ठरवलं. ज्यांना लागलं त्यांना बोलू दिलं गेलं. बदलापूरच्या त्या वार्ताहराच्या वतीने बोलायला सगळे पक्ष होते; तिचं स्वतःचं बोलणं मात्र तक्रारीपुरतं उरलं.

एवढं सगळं म्हटल्यावर आमच्या शहरांना जवळचा राग येतच नाही असं मी लिहून मोकळी होणार होते. पण जानेवारी २०२६मध्ये बदलापुरात एक गोष्ट झाली. नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या होत्या आणि भाजपने स्वीकृत नगरसेवक म्हणून त्याच शाळेच्या संस्थेतल्या, त्याच प्रकरणात सहआरोपी असलेल्या आणि जामिनावर बाहेर असलेल्या एका गृहस्थांची वर्णी लावली. बातमी आधी तिथल्याच वार्ताहरांनी दिली, नंतर मुंबईने उचलली. एक-दोन दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. या वेळी रुळांवर कुणी उतरलं नाही, गाडी एक मिनिटही थांबली नाही.

क्लार्क असलेल्या त्या मैत्रिणीने स्वीकृत सदस्यांची ती यादी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. एका नावाखाली लाल रेघ, आणि खाली आपलं नाव व फ्लॅट नंबर. ग्रुपमध्ये प्रभागातले नगरसेवकही आहेत. मी फोन करून म्हटलं, तुला तिथंच राहायचंय ना? ती म्हणाली, "म्हणूनच टाकली."