पसरकाराचे नवे दार

मे महिना सरत आला की गोमंतकातील घराघरांत पुरुमेंताची गडबड सुरू होते. सुकी मिरची, आमसुले, चिंच, उकडे तांदूळ, कांद्याच्या माळा आणि मत्स्याहारी घरांत सुके बांगडे व सुंगटे, अशी पावसाच्या चार महिन्यांची बेगमी झाल्याखेरीज घरच्या मंडळींच्या जिवास स्वस्थता लाभत नाही. यंदा आमच्या घरी असे ठरले की, म्हापशाच्या बाजारात उन्हातान्हात हेलपाटा घालण्यापूर्वी, ज्या दुकानातून आम्ही वर्षानुवर्षे मिरची आणतो त्याने नुकतेच काढलेले संकेतस्थळ पाहावे. खोलची मिरची आली आहे काय आणि भाव काय, एवढे जाणून घ्यावे आणि मगच पिशव्या उचलाव्यात.

मोबाईलवर ते स्थळ उघडावयास घेतले. आरंभी बराच वेळ एक चाक फिरत राहिले. मग एक भव्य चित्र अवतरले. त्यात हिमाच्छादित पर्वत होता. ते बाजूला सरकून दुसरे आले. त्यात कोट परिधान केलेले दोन परदेशी गृहस्थ हस्तांदोलन करीत होते. तिसऱ्या चित्रावर, हे दुकान म्हणजे गुणवत्तेचे दुसरे नाव होय, अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत झळकत होते. मिरची कोठेच नव्हती. दुकान किती वाजता उघडते, शुक्रवारच्या बाजारादिवशी दुपारी बंद असते की काय, याचाही पत्ता नाही. तळाशी दूरध्वनीचा क्रमांक होता खरा, परंतु तोही चित्रातच कोरलेला. त्यावर बोट ठेवून फोन लावण्याची सोय नव्हती. अखेर आम्ही निमूटपणे पिशव्या घेऊन म्हापशास गेलो.

तेथे फळीवर बसलेल्या पसरकाराने अर्ध्या मिनिटात आमचे काम केले. खोलची मिरची आठवड्याने येईल, हरमलची आजच आली आहे, भाव अमुक, हवी तर चार मिरच्या घरी नेऊन वाटपात घालून पाहा आणि मग सांगा. माल काय, आहे की नाही, दर काय, केव्हा मिळेल आणि पसंत न पडल्यास काय, या साऱ्याचा उलगडा त्याने एका दमात, आमच्या भाषेत आणि आम्ही विचारण्यापूर्वीच करून टाकला. ज्याला हे बोलणे उपजत साधले आहे, त्याच्याच नावाने काढलेल्या संकेतस्थळावर मात्र हिमालय आणि हस्तांदोलन दिसावे, हा प्रकार आम्हांस विनोदी वाटला तितकाच उद्वेगजनकही वाटला. कारण त्या चित्रांसाठी त्याने पदरचे पैसे मोजले होते.

दोष त्याचा नाही. संकेतस्थळ म्हणजे लग्नमंडपाची कमान, ती जितकी झगमगीत तितकी आपली प्रतिष्ठा अधिक, अशी समजूत त्याला कोणीतरी करून दिलेली असते. वस्तुतः या साधनाचा जन्मच मुळी साधेपणातून झाला. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९९१ साली जगातील पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले केले. त्यात मजकूर होता आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे होते. सजावट म्हणून काही नव्हते. त्या पानाची जुनी प्रत आजच्या मोबाईलवरही क्षणार्धात उघडते. १९९३ साली सर्नने हे तंत्र कोणतेही मोल न घेता सर्वांस वापरण्यास मोकळे करून दिले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. म्हणजे भांडवल नसलेल्या माणसालाही मोठ्यांच्या पंक्तीस बसता यावे अशी ही सोय, बड्या पेढ्यांच्या दिमाखाचे अनुकरण करण्यात वाया घालविण्यासारखा दुसरा करंटेपणा नाही.

आता ते फिरणारे चाक. त्याचा हिशेब प्राथमिक शाळेतील मुलासही करता येईल. आजच्या मोबाईलने काढलेले एक छायाचित्र सहज ४ मेगाबाईटचे असते. सत्तरीच्या किंवा सांग्याच्या डोंगरकपारीत सेकंदाला १ मेगाबिट एवढ्याच गतीने माहिती येत असेल, तर ते एक चित्र उतरावयास ३२ सेकंद लागतात. पहिल्याच पानावर अशी पाच चित्रे टांगली की २ मिनिटे ४० सेकंद झाली! इतका वेळ दुकानाच्या पायरीवर कोणीही काही न विचारता उभे ठेवले तर कोणते गिऱ्हाईक थांबेल? तेच चित्र आकाराने लहान करून दीडशे किलोबाईटांवर आणले, तर सव्वा सेकंदात दिसते आणि मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर ते पूर्वीइतकेच चांगले दिसते. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या कचेरीत जलद जोडणी असते, मोठा पडदा असतो. तेथे सारेच सुरेख भासते. म्हणून आमचे सांगणे असे की, काम ताब्यात घेण्यापूर्वी दुकानदाराने घरातील सर्वांत जुना मोबाईल घ्यावा, जेथे सिग्नल धड पोहोचत नाही अशा ठिकाणी उभे राहावे आणि आपले दार किती वेळात उघडते ते स्वतः पाहावे. (आमच्या दैनिकाच्या संकेतस्थळावरही जाहिरातींची खोगीरभरती असते, हे वाचक आम्हांस ऐकवतील. आरोप मान्य आहे.)

भाषेच्या बाबतीत तर आनंदीआनंदच आहे. येथील दुकानांची बहुतेक संकेतस्थळे आम्हांस केवळ इंग्रजीत आढळली. परदेशी पर्यटकांसाठी व नोकरीनिमित्त दूर गेलेल्या गोमंतकीयांसाठी इंग्रजी असावे, त्यास आमची हरकत नाही. पण डिचोलीची आजी, पेडण्याचा शेतकरी किंवा बेळगावाहून माल मागविणारा व्यापारी यांच्याशी दुकानात आपण ज्या भाषेत बोलतो, ती भाषा दारावरून हद्दपार का व्हावी? मराठी की कोकणी हा वाद येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. देवनागरी अक्षर वाचणाऱ्या माणसाला आपल्या दुकानात काय आहे ते कळावे, एवढीच आमची मागणी आहे.

आणि देवनागरी लावावयाची तर ती नीट लावावी. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे जे जुने टंक असत, त्यांत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठविलेले असत. टंक त्यांना केवळ देवनागरीचा मुखवटा चढवी. ज्याच्या यंत्रात तो टंक नाही त्याला मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांचा पसारा दिसतो. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. इतकी वर्षे उलटल्यावरही जुन्या टंकातला मजकूर तसाच डकविणे, किंवा त्या कटकटीतून सुटण्यासाठी मराठी मजकुराचे चित्र काढून चिकटविणे, हा आळस होय. चित्रातील अक्षर मोठे करावयास गेल्यास फुटते, त्याची नक्कल करून नातलगाला पाठविता येत नाही, आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखविणारी जी साधने आहेत त्यांना त्या जागी केवळ एक चित्र भेटते. चित्र लावणे अपरिहार्य असेल तर त्यामागे त्याचे शब्दांतील वर्णन भरून ठेवण्याची सोय आहे. ती बहुधा रिकामीच सोडलेली आढळते.

इंग्रजी अक्षरांसाठी आखलेला साचा देवनागरीला जसाच्या तसा चढविला की आणखी एक गंमत होते. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमधील अंतर वाढविण्याची फॅशन आहे. तीच मात्रा देवनागरीस लागू केली की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द म्हणजे भूकंपात सापडलेली घरांची रांग दिसू लागते. ओळींमधील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण त्याच्या घडणीतच करून ठेवता येते. ती केली आणि टंक चांगला असला, तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरेही हिंदी वळणाची न येता आपल्या ओळखीच्या वळणाची येतात. हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण ज्या वाचकाने आयुष्यभर नीट छापलेले मराठी वाचले, त्याच्या डोळ्याला हे खडे लगेच टोचतात. तीच गोष्ट रंगांची. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे लिहिण्याची टूम निघाली आहे; मोतीबिंदू उतरू लागलेल्या गिऱ्हाइकाला ती दिसतच नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील गुणोत्तर निदान साडेचारास एक असावे, असा जगन्मान्य संकेत आहे आणि ते मोजून देणारी साधने फुकट मिळतात.

दराविषयी आमचे दुकानदार अत्यंत लाजाळू असतात. ‘भावासाठी संपर्क साधा’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचले की, भाव म्हणजे काही वधूचे वय आहे काय, असे विचारावेसे वाटते. शेजारचा स्पर्धक भाव पाहील, ही भीती. पण शेजारच्याला तो आधीच ठाऊक असतो; बाजारात अशा गोष्टी लपत नाहीत. अडतो तो दूरचा ग्राहक, आणि तो संपर्क साधीत नाही, पुढच्या दारी जातो. शिवाय जो संकेतस्थळावरून विक्रीच करतो त्याच्यापुरता हा आता केवळ मर्जीचा प्रश्न उरलेला नाही. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी वस्तूची एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रारीसाठी कोणास गाठावे हे ग्राहकासमोर स्पष्ट ठेवण्याचे बंधन घातले आहे.

येथवरचे दोष पैसे व शहाणपण खर्चून दुरुस्त होतील. ज्या एका गोष्टीविषयी आम्हांस खरी चिंता वाटते ती मात्र निराळी आहे. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराची अवस्था काय होती, हे गोमंतकीय वाचकाला आम्ही सांगावयास नको. घर त्याचे, घाम त्याचा, पण जमीन दुसऱ्याची. मर्जी फिरली की चंबूगबाळे आवरावे लागे. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला, त्यामागे हाच अनुभव होता. आज आमचे कितीतरी लहान व्यावसायिक कोणा दूरदेशीच्या कंपनीच्या समाजमाध्यमावर एक पान उघडून त्यालाच आपले दुकान समजतात. गिऱ्हाइके तेथे जमतात, ओळख तेथे वाढते, वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि शिफारशी तेथे साठतात. एके सकाळी कंपनीने नियम बदलला किंवा खाते बंद केले, तर दाद कोणत्या मामलेदाराकडे मागावयाची? तेथे मुंडकार कायदा लागू नाही. ती पाने वापरू नयेत असे आम्ही म्हणत नाही. जत्रेत दुकान मांडावेच, पण म्हणून घर मोडू नये. स्वतःच्या नावाचा एक पत्ता आणि त्यावर एक साधे पान, एवढी मिळकत प्रत्येक धंदेवाल्याने जपलीच पाहिजे. २०१४ पासून ‘.भारत’ या शेपटासह देवनागरी पत्ताही घेता येतो. तो अद्याप सर्वत्र सुरळीत चालतोच असे नव्हे, म्हणून रोमन पत्त्याच्या जोडीने घ्यावा.

मात्र मिळकत स्वतःच्या नावावर आहे ना, हे पाहावे. आमच्या परिचयाच्या एका खाजेविक्रेत्याने हौसेने संकेतस्थळ काढले आणि त्याचा पत्ता खाज्याच्या पुड्यांवर छापून घेतला. बनविणाऱ्या तरुणाने तो पत्ता स्वतःच्या नावे नोंदविला होता. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, ते सोपे पडले एवढेच. तरुण पुढे आखातात नोकरीस गेला. वार्षिक शुल्क भरण्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि कोणी त्या वाचल्या नाहीत. मुदत संपली, पत्ता मोकळा झाला, भलत्यानेच तो उचलला. देवाच्या जत्रेतून प्रसाद म्हणून घरोघर गेलेल्या त्या पुड्यांवरचा पत्ता जुगाराच्या पानावर उघडू लागला. शुल्काची रक्कम म्हणाल तर जत्रेच्या एका रात्रीच्या विक्रीपुढे नगण्य होती. जमिनीचा उतारा ज्या काळजीने ट्रंकेत ठेवतो, त्याच काळजीने पत्त्याच्या नोंदणीचे कागद आणि परवलीचे शब्द धन्याने स्वतःपाशी ठेवावेत.

सरकारने आणि व्यापारी संघटनांनी लहान उद्योगांसाठी संगणकीय मेळावे जरूर भरवावेत. पण तेथे व्यासपीठावरील भाषणांऐवजी एक तास या नोंदणीच्या कागदांसाठी राखून ठेवावा. आणि ज्याचा माल सकाळी दहाच्या आत संपतो अशा पोदेराने केवळ शेजाऱ्याने काढले म्हणून संकेतस्थळ काढू नये. त्याला त्याची सायकलवरील पों-पों पुरेशी आहे.

म्हापशाच्या आमच्या त्या मिरचीवाल्याला आम्ही यांपैकी बरेच काही भीत भीत ऐकविले. त्याने रागावण्याऐवजी भाच्याला हाक मारली. पंधरा दिवसांनी पाहिले तो हिमालय गेला होता. पहिल्याच पानावर दुकानाची वेळ आहे, शुक्रवारी दुपारी दुकान उघडे असते हेही आहे, क्रमांकावर बोट ठेवले की फोन लागतो, आणि फळीवर रचलेल्या मिरच्यांचे एकच छायाचित्र आहे. खोलची मिरची ‘पुढील आठवड्यात येईल’ असे मात्र तेथे अजून लिहिलेले आहे. आमच्या घरी ती येऊन, वाळवून, बरणीत भरूनही झाली.